आर्थरची कथा : दया आणि दायित्व यांचा एक पाठ

इयत्ता : ४ थी व ५ वी. विषय : परिसर अभ्यास व मूल्यशिक्षण. कालावधी : दोन तासिका. साहित्य : जगाचा नकाशा अथवा पृथ्वीगोल, फळा, साबण व पाण्याची बादली.

पाठाचे प्रयोजन

भूतदया हा विषय प्राथमिक शाळेस नवा नाही. तथापि भूतदयेचे पाठ पुष्कळदा पुस्तकातच राहतात. याचे एक कारण असे की, त्यांत वर्णिलेला प्राणी बहुधा निरोगी, देखणा व उपयोगी असतो. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा घर राखतो. म्हणून त्यांच्यावर प्रेम करावे, असा हिशेब मुलांच्या मनात नकळत तयार होतो. शाळेच्या फाटकाशी प्रत्यक्ष येऊन बसणारा कुत्रा या हिशेबात बसत नाही. त्याच्या अंगाला लूत लागलेली असते, केस झडलेले असतात, कानांत गोचिडांचे घोस लटकत असतात आणि एक पाय त्याने वर उचलून धरलेला असतो.

अशा वेळी वर्गात दोन प्रकारची मुले दिसून येतात. काही मुले दगड उचलतात. काही मुले डब्यातील पोळीचा तुकडा त्याच्यापुढे टाकतात आणि गुरुजींची नजर चुकवून त्याच्या डोक्यावरून हात फिरवितात. पहिल्या मुलांच्या मुळाशी क्रौर्यापेक्षा भीतीच अधिक असते. दुसऱ्या मुलांच्या मनात खरी दया असते. परंतु अजाणतेपणी केलेली ही दया त्यांच्या जिवावर बेतू शकते. शिक्षकाने एकाला रागावून व दुसऱ्याला शाबासकी देऊन हा प्रश्न सुटत नाही. दोघांनाही एकच गोष्ट शिकवावयाची आहे. ती अशी की, आजारी प्राण्यावरील दयेचा आरंभ एका घासाने होतो, पण तिची पूर्तता त्या प्राण्यास घर मिळाल्यावाचून होत नाही. आणि घर देणे म्हणजे वैद्य, लस, पथ्य व अनेक वर्षांची जबाबदारी अंगावर घेणे होय.

हे तत्त्व उपदेशरूपाने सांगितल्यास मुले ते ऐकून सोडून देतील. त्यासाठी एखादी खरी घडलेली गोष्ट हवी. ती परकीय असली तरी चालेल, मात्र तिच्यात घासापासून घरापर्यंतचा सर्व प्रवास स्पष्ट दिसला पाहिजे. इक्वेडोर देशात सापडलेल्या व स्वीडन देशात घर मिळालेल्या आर्थर या कुत्र्याची कथा या दृष्टीने फार उपयुक्त आहे. नकाशावर दोन दूरचे देश शोधण्याचा आनंदही मुलांना तिच्यातून मिळतो.

शिक्षकाने सांगावयाची कथा

दक्षिण अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर इक्वेडोर नावाचा एक लहान देश आहे. विषुववृत्त त्या देशातून जाते व त्यावरूनच त्याचे नाव पडले आहे. तेथे उंच पर्वत आहेत, घनदाट अरण्ये आहेत व मोठ्या नद्या आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये या देशात साहसी शर्यतीची जागतिक स्पर्धा भरली होती. या स्पर्धेत प्रत्येक संघात चार जण असतात. त्यांना पायी, सायकलीवरून व होडीतून सुमारे ७०० किलोमीटरांचे अंतर कित्येक दिवस व रात्री जवळजवळ अखंड चालून तोडावे लागते. चौघांनी बरोबरच पोहोचले पाहिजे, असा नियम असतो. झोप थोडी, अन्न मोजके व पाठीवर ओझे, अशी ही कठीण स्पर्धा असते.

स्वीडन देशाच्या संघाचे नेतृत्व मिकाएल लिंडनोर्ड या खेळाडूकडे होते. एका मुक्कामावर हा संघ विसावा घेऊन डबाबंद अन्न खात असता लिंडनोर्ड यांना जवळच एक भटका कुत्रा दिसला. त्याचे अंग चिखलाने माखलेले होते व पाठीवर मोठ्या जखमा होत्या. तो भुंकला नाही, अन्नावर झेपावला नाही. केवळ पाहत राहिला. लिंडनोर्ड यांनी आपल्या वाट्यातील मांसाचा एक गोळा त्याला दिला. त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट तेवढ्यावरच संपली होती.

परंतु संघ पुढे निघाला तेव्हा कुत्राही मागे चालू लागला. डोंगर चढताना तो बरोबर होता. गुडघाभर चिखलात तो रुतला तेव्हा खेळाडूंनी त्याला ओढून काढले. ते थांबत तेव्हा तोही थांबे. स्वतःपुरतेच मोजून आणलेले अन्न ते त्याला देऊ लागले. त्याची शांत व रुबाबदार वृत्ती पाहून लिंडनोर्ड यांनी त्याला आर्थर असे नाव दिले. आर्थर हा इंग्लंडच्या जुन्या दंतकथांतील एक राजा होय.

शर्यतीच्या अखेरच्या भागात ५० किलोमीटरांहून अधिक अंतर होडीने जावयाचे होते. लहान होडीत कुत्रा घेणे धोक्याचे आहे, तरी त्याला किनाऱ्यावरच सोडावे, अशी सूचना व्यवस्थापकांनी दिली. संघाने ती मानली व होड्या पाण्यात लोटल्या. तोच आर्थरने पाण्यात उडी घेतली व तो होडीमागे पोहू लागला. थोडे अंतर गेल्यावर लिंडनोर्ड यांना पुढे जाववेना. त्यांनी होडी थांबविली, आर्थरला ओढून वर घेतले व आपल्याजवळ बसविले. उरलेला प्रवास त्याने त्यांच्याबरोबर होडीतून केला व संघासमवेत तो शर्यतीच्या अंतिम रेषेवर पोहोचला.

येथे शिक्षकाने क्षणभर थांबावे व मुलांना विचारावे, "गोष्ट संपली का?" बहुतेक मुले "संपली" म्हणतील, कारण त्यांच्या ओळखीच्या गोष्टी अशा ठिकाणी संपतात. या पाठाचा खरा भाग येथून पुढे आहे.

शर्यत संपल्यावर आर्थरला पशुवैद्याकडे नेण्यात आले व त्याच्या चिघळलेल्या जखमांवर उपचार सुरू झाले. लिंडनोर्ड यांनी त्याला आपल्या घरी नेण्याचे ठरविले; परंतु कुत्रा एका देशातून दुसऱ्या देशात केवळ प्रेमाच्या बळावर नेता येत नाही. स्वीडनमध्ये १८८६ पासून कुत्र्यांत रेबीज हा रोग उरलेला नाही. हे यश टिकविण्यासाठी बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्राण्याची तो देश कसून तपासणी करतो. अर्ज, दाखले, सरकारी परवानगी हे सर्व सोपस्कार पार पडल्यावर आर्थर विमानाने स्वीडनला गेला. तेथेही तो थेट घरी जाऊ शकला नाही. सुमारे चार महिने त्याला विलग ठेवण्यात आले. त्या काळात पशुवैद्यांच्या देखरेखीखाली त्याच्यावर उपचार चालू राहिले. २०१५ च्या वसंत ऋतूत तो अर्न्शोल्ड्सविक या गावातील लिंडनोर्ड कुटुंबाच्या घरी राहावयास गेला. त्या घरात लहान मुलेही होती.

अरण्यात राहिलेल्या कुत्र्याला हिमवर्षावाच्या देशात, मुलांच्या घरात राहावयाचे होते. पुढील सुमारे पावणेसहा वर्षे तो त्या घरातच राहिला. डिसेंबर २०२० मध्ये आर्थरचा मृत्यू झाला. लिंडनोर्ड यांनी त्याच्यावर लिहिलेले पुस्तक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२४ मध्ये त्यावर आधारलेला एक इंग्रजी चित्रपट निघाला. चित्रपटात शर्यतीचा देश बदललेला आहे. एखाद्या मुलाने तो पाहिला असल्यास खरी घटना इक्वेडोरमधील आहे, हे त्याला सांगावे.

कथेतील मर्म

या कथेत वाचकाचे लक्ष सहजच मांसाच्या गोळ्याकडे व नदीतील उडीकडे जाते. शिक्षकाने मात्र मुलांचे लक्ष काळाच्या मोजमापाकडे वेधावे. गोळा देण्यास एक क्षण लागला. होडी थांबवून कुत्र्यास वर घेण्यास काही मिनिटे लागली. विलगीकरणास चार महिने लागले. घरातील सांभाळ पावणेसहा वर्षे चालला. फळ्यावर हे चार आकडे एकाखाली एक लिहिले म्हणजे दयेतील सोपा भाग कोणता व कठीण भाग कोणता, हे चौथीच्या मुलासही न सांगता समजते.

दुसरी गोष्ट अशी की, प्रेम असूनही लिंडनोर्ड यांनी नियम मोडले नाहीत. आर्थरला चार महिने दूर ठेवणे त्यांना सुखाचे गेले असेल, असे नाही. परंतु एका प्राण्यावरील प्रेमामुळे सबंध देशातील माणसे व प्राणी धोक्यात येऊ नयेत, हे त्यांनी मान्य केले. दया व दक्षता या परस्परविरोधी नसून एकाच कर्तव्याच्या दोन बाजू आहेत, हे येथे चांगले दाखविता येते.

तिसरी गोष्ट आपल्या परंपरेशी जुळणारी आहे. पंढरीच्या नामदेवांची गोष्ट महाराष्ट्रातील मुलांना घरीच ऐकावयास मिळते. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा नामदेव काठी घेऊन धावले नाहीत. कोरडी भाकरी त्याला टोचेल म्हणून तुपाची वाटी घेऊन धावले. महाभारतात स्वर्गाच्या दाराशी उभा असलेला युधिष्ठिर बरोबर आलेल्या कुत्र्यास सोडून आत जाण्यास नकार देतो. होडीत बसलेल्या लिंडनोर्ड यांची कथा सांगताना या दोन्ही कथांचे स्मरण करून दिल्यास दूरदेशीची गोष्ट मुलांना परकी वाटत नाही.

गावातील आजारी कुत्रा : शिक्षकास आवश्यक माहिती

गावात आढळणाऱ्या कुत्र्यांचे नेहमीचे विकार थोडेच आहेत. लूत हा त्वचेवरील अतिसूक्ष्म किडींमुळे होणारा विकार होय. तिचा एक प्रकार माणसाच्या कातडीवरही काही दिवस खाज उत्पन्न करतो. म्हणून लूत लागलेल्या कुत्र्यास मुलांनी हात लावू नये. तथापि लूत ही असाध्य नाही. पशुवैद्याने दिलेल्या औषधाने काही आठवड्यांत ती बरी होते व झडलेले केस पुन्हा येतात. केवळ लूत पाहून "हा आता वाचत नाही" असे म्हणणारे लोक पुष्कळदा बऱ्या होण्याजोग्या कुत्र्यास टाकून देतात.

गोचिडांमुळे कुत्र्याचे रक्त कमी होते व काही तापांचे जंतूही त्याच्या शरीरात शिरतात. पोटातील जंतांमुळे पिले खंगतात. उघड्या जखमेवर माश्या बसून तीत अळ्या पडतात व अशा जखमेची घाण येऊ लागते. हे सर्व विकार बरे होऊ शकतात, परंतु त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याची पायरी चढावी लागते. वाहनातील जळके तेल, घासलेट अथवा फिनेल कुत्र्याच्या अंगावर ओतण्याची चाल काही ठिकाणी आढळते, ती अत्यंत घातक आहे. कुत्रा ते चाटतो व विष त्याच्या पोटात जाते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही त्याला देऊ नयेत. त्यांतील अनेक त्याच्या यकृतास वा मूत्रपिंडास अपाय करतात.

म्हाताऱ्या अथवा लंगड्या कुत्र्याविषयीही सांगणे आवश्यक आहे. तुटलेला पाय वाकडा जुळला अथवा एक पाय काढावा लागला तरी कुत्रा तीन पायांवर उत्तम चालू शकतो. दात पडलेल्या कुत्र्यास मऊ भात वा भिजविलेली भाकरी चालते. व्यंग असलेला कुत्रा निरुपयोगी ठरत नाही. त्याला थोडी अधिक काळजी लागते, इतकेच. वर्गात एखादे अपंग मूल असेल तर हा भाग सांगताना शिक्षकाने शब्दांची विशेष जपणूक करावी. कोणत्याही मुलाची प्राण्याशी तुलना होईल असे उदाहरण घेऊ नये.

दक्षता : पिसाळणे म्हणजे काय

कुत्रा पिसाळणे म्हणजे त्याला रेबीज होणे. हा विषाणुजन्य रोग आजारी प्राण्याच्या लाळेतून, बहुधा चाव्यावाटे, माणसास होतो. लक्षणे दिसू लागल्यानंतर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो; परंतु चावल्यानंतर तत्काळ योग्य उपाय केल्यास तो टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संशयित पिसाळलेल्या प्राण्यांनी चावलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. हा आकडा लक्षात घेतला म्हणजे या पाठाचे स्थान प्राथमिक शाळेतच का आहे, हे उघड होते.

पिसाळलेला कुत्रा धावून अंगावर येतोच असे नाही. काही वेळा तो उलट सुस्त होतो, त्याचा जबडा लोंबतो व तोंडातून लाळ गळते. घशात हाड अडकले असावे असे वाटून दयाळू माणूस त्याच्या तोंडात हात घालतो व प्राणास मुकण्याची वेळ येते. अशा कुत्र्याजवळ मुलांनी वा मोठ्यांनीही जाऊ नये; पशुवैद्यास व ग्रामपंचायतीस कळवावे.

कुत्रा चावला, ओरखडला अथवा उघड्या जखमेवर त्याने चाटले तर पुढीलप्रमाणे करावे :

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवावी.
२. जखमेवर चुना, हळद, तिखट वा तेल लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये.
३. मुलास लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. मांत्रिकाकडे जाण्यात वेळ दवडू नये.
४. लशीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी घ्याव्यात. त्वचेत टोचावयाच्या लशीचे दिवस ०, ३, ७ व २८ असे असतात. जखम खोल असल्यास डॉक्टर तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही देतात.
५. कुत्रा ओळखीचा असल्यास त्यावर १० दिवस लक्ष ठेवावे. पण त्या दिवसांची वाट पाहत लस लांबवू नये.

मुले पुष्कळदा घरच्यांच्या रागाच्या भीतीने चावा लपवितात. "सांगितल्यास कोणी रागावणार नाही" हे आश्वासन शिक्षकाने वर्गात स्पष्ट शब्दांत द्यावे व ते पाळावे. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या लशीचा उपचार ज्याच्यावर प्रथम सुरू झाला तो जोसेफ माइस्टर हा ९ वर्षांचाच मुलगा होता. तो वाचला, कारण त्याच्या आईने त्याला वेळेवर नेले. ही गोष्ट मुलांना धीर देते.

शेजारच्या गोव्यात झालेले कार्यही सांगण्याजोगे आहे. तेथे काही वर्षे कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण व शाळांतून मुलांचे शिक्षण ही दोन्ही कामे बरोबरीने चालली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांस लस दिल्यास रोगाची साखळी तुटते, असा अनुभव आहे. म्हणजेच कुत्र्यास दिलेली लस ही गावातील मुलालाच दिलेली लस होय.

शाळा व कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद आहे. मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण यांची जबाबदारी २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशात शैक्षणिक संस्थांच्या आवारात मोकाट कुत्र्यांचा शिरकाव होऊ नये म्हणून कुंपण आदी व्यवस्था करण्यास व तेथील कुत्री हलविण्यास सांगितले आहे. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शाळेच्या फाटकाशी आलेल्या आजारी कुत्र्यास दगड मारणे योग्य नाही, आणि त्याला शाळेतच ठेवून घेणेही योग्य नाही. अशा कुत्र्यास खऱ्या घराची गरज आहे. शाळा त्याला घर देऊ शकत नाही; परंतु घर मिळवून देण्याच्या कामी ती गावाला जागे करू शकते.

पाठाची मांडणी

प्रस्तावना : शिक्षकाने पूर्वज्ञानावर आधारित प्रश्न विचारावेत. तुमच्या गल्लीत किती कुत्री आहेत? त्यांपैकी कोणाची आहेत व कोणाचीच नाहीत अशी किती? "कोणाचेच नाही" म्हणजे काय? या अखेरच्या प्रश्नावर मुलांना पुरेसा वेळ बोलू द्यावे.

प्रतिपादन : नकाशावर इक्वेडोर व स्वीडन दाखवून कथा सांगावी. होडीच्या प्रसंगानंतर वर सांगितल्याप्रमाणे थांबावे व नंतर उत्तरार्ध सांगावा.

तुलना : नामदेव, युधिष्ठिर व लिंडनोर्ड यांत सारखे काय व निराळे काय, हे मुलांकडून काढून घ्यावे.

सामान्यीकरण : मुलांच्या उत्तरांतून फळ्यावर पुढील वाक्य तयार व्हावे : "आजारी प्राण्यास आधी अंतर, मग वैद्य, मग लस, मग घर." हे वाक्य शिक्षकाने आयते देऊ नये.

उपयोजन : दुसऱ्या तासिकेत जखम धुण्याचे प्रात्यक्षिक करावे. एका मुलाच्या हातावर खडूने रेघ ओढून ती जखम समजावी व साबणाने १५ मिनिटे धुवावी. १५ मिनिटे किती लांब असतात, हे मुलांना प्रत्यक्ष केल्यावाचून कळत नाही. नंतर कुत्रा अंगावर आल्यास न पळता, हात अंगाशी घेऊन, त्याच्या डोळ्यांत न पाहता झाडासारखे स्तब्ध उभे राहण्याचा सराव मैदानावर घ्यावा. खाणाऱ्या, झोपलेल्या व पिलांजवळ असलेल्या कुत्र्यास छेडू नये, हेही तेथेच सांगावे.

घरासाठी प्रश्नावली

पुढील प्रश्न मुलांनी वहीत उतरून घेऊन घरातील मोठ्या माणसांना विचारावेत. त्यांचा हेतू प्रत्येक घराने कुत्रा पाळावा असा मुळीच नाही. आपण घर देऊ शकतो की नाही, याचा प्रामाणिक विचार व्हावा, एवढाच आहे.

१. कुत्रा १० ते १२ वर्षे जगू शकतो. इतकी वर्षे आपण त्याला सांभाळू का?
२. त्याला पहिल्या दिवशी पशुवैद्याकडे कोण नेईल?
३. पिलास तीन महिन्यांच्या वयात व पुढे पशुवैद्य सांगेल तेव्हा रेबीजची लस कोण टोचून आणील? नसबंदी करून घेऊ का?
४. कुटुंब ऊसतोडीस वा अन्य कामास बाहेरगावी गेले तर त्याला कोण पाहील?
५. तो म्हातारा झाला, लंगडा झाला, दुखण्याने खितपत पडला तर आपण काय करू?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. चार प्रश्नांची उत्तरे उत्साहाने देणारे घर पाचव्याशी थबकते. जे घर "आम्हांस जमणार नाही" असे सांगते, त्या घरातील मुलास वर्गात कमी लेखू नये. आधी घेऊन नंतर रस्त्यावर सोडण्यापेक्षा आरंभीच नाही म्हणणे हे प्राण्याच्या हिताचे आहे. अशी मुले पाण्याचे भांडे ठेवणे, आजारी कुत्रा दिसल्यास मोठ्यांना कळविणे, लसीकरणाच्या दिवशी गल्लीतील कुत्र्यांची यादी देणे, ही कामे करू शकतात. त्यांत हात लावण्याची गरज पडत नाही.

जे घर पाचव्या प्रश्नासही होकार देईल, त्या घरातील प्रौढांनीच पुढील पाऊल उचलावे. कुत्र्यास मुलांनी धरू नये. त्याला प्रथम पशुवैद्यास दाखवावे, काही दिवस घरातील इतर जनावरांपासून निराळे बांधावे, जंतांचे औषध व लस द्यावी आणि मुलांची व त्याची ओळख मोठ्यांच्या समक्ष हळूहळू करून द्यावी. मार खाल्लेला कुत्रा उचललेल्या हाताला भितो. त्याला विश्वास वाटण्यास आठवडे लागतात, काही वेळा महिने लागतात. या काळात घाई केल्यास तो चावतो व मग दोष त्याच्या माथी येतो.

मूल्यमापन

पाठ झाल्यावर लेखी परीक्षा घेण्याची आवश्यकता नाही. पुढील तोंडी प्रश्न पुरेत : आर्थरला चार महिने दूर का ठेवले? लाळ गळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात का घालू नये? चावा लपविल्याने काय होते? लिंडनोर्ड यांनी केलेली सर्वांत कठीण गोष्ट कोणती? या शेवटच्या प्रश्नास काही मुले "पोहणाऱ्या कुत्र्याला होडीत घेतले" असे उत्तर देतील. काही जण "चार महिने थांबले" किंवा "शेवटपर्यंत ठेवून घेतले" असे म्हणतील. कोणतेही उत्तर चूक ठरवू नये. मात्र दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून वर्गास आपसांत चर्चा करू द्यावी.

पाठाचे खरे फळ महिन्याभराने पाहावे. फाटकाशी कुत्रा दिसताच दगड उचलला जात नाही, कोणी चोरून जवळही जात नाही आणि एखादे मूल धावत येऊन "गुरुजी, त्याच्या पायाला जखम आहे, दवाखान्यात कळवायचे का?" असे विचारते, तर पाठ साधला असे समजावे. त्या दिवशी पशुवैद्यास दूरध्वनी करण्याचे काम शिक्षकाने लगेच, मुलांच्या देखत करावे.